न सांगता कळणारी समता

‘हाताची पाची बोटे सारखी नसतात’ ही म्हण आपल्याकडे दोन कामांसाठी वापरली जाते. घरातले एक मूल अभ्यासात पुढे आणि दुसरे मागे असले, की आईवडिलांची समजूत घालायला. आणि समतेचा विषय निघाला, की तो मिटवायला. माणसे मुळातच वेगवेगळी, कुणी वर जाणार, कुणी खाली राहणार, तेव्हा सगळ्यांना समान मानणारा समाज हे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध जाणारे स्वप्न आहे, असे त्या दुसऱ्या वापरात गृहीत धरलेले असते.

म्हणीचा पहिला अर्धा भाग विज्ञानाला मान्य आहे. लक्ष देणे, वाचणे, आवाज आणि उजेड सहन करणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून मन ओळखणे या सगळ्यांत माणसामाणसांचे मेंदू खरोखरच वेगळे चालतात. अडचण दुसऱ्या अर्ध्या भागाची आहे. बोटे वेगळी आहेत म्हणून त्यांची उतरंड लागलीच पाहिजे, हे कुठून आले?

वेगळेपणाच्या या विचाराला ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हणतात. मराठीत मेंदूविविधता म्हणता येईल. १९९० च्या दशकात ऑटिझम असलेली माणसे इंटरनेटवरून एकमेकांना भेटू लागली, आपल्याविषयी डॉक्टर आणि पालक जे बोलतात त्यापेक्षा वेगळे बोलू लागली, आणि त्या चर्चेतून ही कल्पना आकाराला आली. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या प्रबंधात आणि त्याच वर्षी अमेरिकी पत्रकार हार्वी ब्लूम यांच्या लेखात हा शब्द छापला गेला. ऑटिझम, एडीएचडी म्हणजे अवधान टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता, टुरेट सिंड्रोम हे सगळे जंगलातल्या जैवविविधतेसारखे मानवी वैविध्याचे भाग आहेत, केवळ दुरुस्त करायचे बिघाड नव्हेत, असा त्याचा आशय. आपल्याकडे ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. त्या शब्दातच एक निवाडा दडला आहे: ही व्यक्ती स्वतःत बुडालेली आहे, तिला दुसऱ्याचे पडलेले नाही. तो कितपत खरा, हे पुढे येईलच.

या विचारावर एक आक्षेप सुरुवातीपासून आहे आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. बोलता न येणारे, झटके येणारे, स्वतःला इजा करून घेणारे मूल वाढवणाऱ्या आईला ‘ही विविधता आहे’ असे सांगणे क्रूर वाटू शकते. काही मुलांना आयुष्यभर आधार लागतो, औषधे लागतात. विविधता मान्य करणे म्हणजे त्रास नाकारणे नव्हे. पण जो त्रास मेंदूमुळे होतो आणि जो भोवतालच्या व्यवस्थेमुळे होतो, त्यांची फारकत करायला या विचाराने शिकवले. मनुष्यस्वभावाचा प्रश्नही नेमका तिथेच येऊन भिडतो.

बैलाची टिंगल

१९६० च्या दशकात कॅनडातील मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली हे आफ्रिकेत कालाहारी वाळवंटात जुह्वांसी लोकांमध्ये राहून अभ्यास करत होते. शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हे लोक. नाताळाच्या मेजवानीसाठी ली यांनी आसपास मिळेल तो सर्वांत धष्टपुष्ट बैल विकत घेतला. कौतुक होईल अशी त्यांची अपेक्षा. झाले उलटेच. जो भेटेल तो त्या बैलाला नावे ठेवू लागला: हाडांचा सापळा आणलास, यात मांस कुठे आहे, लोक उपाशी राहतील, भांडणे होतील. ली बेचैन झाले. प्रत्यक्षात बैल कापला तेव्हा चरबीचे जाड थर निघाले आणि सगळे पोटभर जेवले. नंतर त्यांना उलगडा झाला, की मोठी शिकार करून आणणाऱ्या प्रत्येक तरुणाला अशीच वागणूक मिळते. त्याने स्वतःही ‘काही विशेष नाही’ असेच म्हणायचे असते. कारण भरपूर मांस आणणारा माणूस हळूहळू स्वतःला मुखिया समजू लागतो आणि गर्व चढलेला शिकारी कधीतरी एखाद्याचा जीव घेतो, असे त्यांचे म्हणणे. टिंगल करून त्याचे डोके थंड ठेवायचे. ली यांनी १९६९ मध्ये ही हकीकत एका नियतकालिकात लिहिली आणि मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती आजही वाचायला देतात.

या लोकांची आणखी एक रीत आहे. शिकारी आपापसांत बाणांची देवाणघेवाण करतात आणि मांस वाटण्याचा मान नेम धरणाऱ्याला नव्हे, तर ज्याचा बाण लागला त्या बाणाच्या मालकाला मिळतो. म्हातारा, लंगडा, नेमबाजी न जमणारा माणूसही बाण देऊन वाटपाचा मानकरी होऊ शकतो. कौशल्य असमान असणार, हे इथे कुणी नाकारलेले नाही. त्या असमानतेतून सत्ता तयार होऊ नये, एवढीच तजवीज केलेली आहे.

ख्रिस्तोफर बोहम या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने अशा अनेक समाजांच्या नोंदी एकत्र करून १९९९ मध्ये एक ग्रंथ लिहिला. बोहम यांनी टांझानियातील गोम्बे इथे चिंपांझींचाही अभ्यास केला होता, त्यामुळे वर्चस्वाची ओढ आपल्या पूर्वजांपासून चालत आली आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण माणसात दुसरीही ओढ तितकीच जुनी आहे: दुसऱ्याने आपल्यावर वरचढ व्हावे, हे कुणालाच आवडत नाही. सगळे मिळून त्या एकाला आवरतात. आधी कुजबुज, मग टोमणे, मग त्याचे न ऐकणे, मग वाळीत टाकणे आणि अगदी शेवटी ठार मारणे. बोहम यांनी याला उलटी उतरंड म्हटले. म्हणजे समता ही स्वभावातून आपोआप उगवलेली नव्हती. ती रोज राखावी लागे, शेतातले तण रोज काढावे लागते तशी.

हे चित्र फार गोड करून सांगण्याचा मोह अभ्यासकांनाही झाला आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे, मासेमारीवर जगणारे समाज शेती न करताही सरदार, सामान्य आणि गुलाम अशा थरांत विभागलेले होते. समतावादी म्हणवणाऱ्या टोळ्यांतही बायकांचा आणि पुरुषांचा शब्द नेहमी सारखा चाले असे नाही. तेव्हा ‘मूळ मानव समतावादी होता’ हे जितके ढोबळ, तितकेच ‘माणूस स्वभावतः उतरंड मानणारा आहे’ हेही ढोबळ. दोन्ही शक्यता त्याच मेंदूत आहेत. कुठली फळाला येईल हे रीतिरिवाजांवर ठरते.

माणसापेक्षा कितीतरी ताठर उतरंड असलेल्या बबून माकडांतही याला पुरावा मिळाला. केनियातील मसाई मारा परिसरात रॉबर्ट सापोल्स्की एका टोळीचे निरीक्षण करत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात पर्यटक निवासाच्या उकिरड्यावरचे दूषित मांस खाऊन टोळीतील नरांना क्षयाची लागण झाली. उकिरड्यावर दुसऱ्या टोळीशी भांडून खाणे मिळवायला जात होते ते सर्वांत आक्रमक नर, तेच मेले. उरले ते शांत नर आणि माद्या. टोळी बदलली: मारामाऱ्या कमी, एकमेकांचे अंग साफ करणे जास्त, खालच्या नरांच्या रक्तातील तणावाच्या खुणाही कमी. बबून नर वयात आले की दुसऱ्या टोळीत जातात. दहा वर्षांनी त्या टोळीतले जुने नर एकही उरले नव्हते. बाहेरून आलेले नवे नर मात्र तिथली शांत रीत शिकले होते. सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. बबूनांचे जनुक दहा वर्षांत बदललेले नव्हते.

टोमणा ज्याला कळत नाही

इथपर्यंत समतेच्या बाजूने सगळे ठीक चालले आहे. पण कालाहारीतली समता ज्या हत्यारांनी राखली जात होती, ती पुन्हा एकदा पाहायला हवीत. कुजबुज, टोमणा, उलट अर्थाने बोलणे, न बोलता दाखवलेली नाराजी. बैलाला हाडांचा सापळा म्हटले, तर त्याचा अर्थ ‘बैल छान आहे, तू मात्र जमिनीवर राहा’ असा घ्यायचा. रिचर्ड ली हे प्रशिक्षित अभ्यासक होते, तरी त्यांना तो लागला नाही. ते बाहेरचे होते. आणि जो माणूस त्याच वस्तीत जन्मला, पण ज्याचा मेंदू शब्दांचा सरळ अर्थ घेतो, त्याचे काय होत असेल? त्या वस्त्यांत ऑटिझमची तपासणी कुणी केलेली नाही, तेव्हा हा केवळ तर्क आहे. तरी तो अवघड नाही. इशाऱ्यांवर चालणाऱ्या समतेत इशारे न कळणारा माणूस सर्वांत आधी अडखळणार.

याची उदाहरणे शोधायला वाळवंटात जायला नको. ‘या एकदा घरी’ हे आमंत्रण नसते. पाहुण्याने चहाला पहिल्यांदा ‘नको’ म्हटले तर तो नकार नसतो. पंगतीत आग्रह करायचा असतो आणि आग्रहाला किती वेळा नाही म्हणायचे, याचे अलिखित गणित असते. साहेब ‘बघू’ म्हणाले तर काम होणार नाही, हे कार्यालयातल्या शिपायालाही माहीत असते. ज्याला हे न सांगता कळते त्याला आपण ‘समजूतदार’ म्हणतो आणि ज्याला कळत नाही त्याला ‘आगाऊ’, ‘फटकळ’ किंवा ‘वेडसर’. ही त्या माणसाच्या नीतीची परीक्षा नसते. ती संकेत वाचण्याची परीक्षा असते, आणि तिचा अभ्यासक्रम कुठेही छापलेला नाही.

मग ‘स्वमग्न’ माणसाला दुसऱ्याचे खरोखरच पडलेले नसते का? जपानी संशोधक केइसे इझुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग केला. सहभागींनी एका सेवाभावी संस्थेला पैसे द्यायचे की नाही, हे ठरवायचे होते. कधी एकट्याने, कधी कुणीतरी पाहत असताना. इतर माणसे कुणी पाहत असले की अधिक दान करत. ऑटिझम असलेल्या व्यक्तींच्या दानात पाहणाऱ्यामुळे फरक पडला नाही. गट लहान होता, त्यामुळे एवढ्यावर मोठा निष्कर्ष काढू नये. पण २०२१ मध्ये आलेला दुसरा एक अभ्यास त्याच दिशेचा होता. त्यात सहभागीला पैसे मिळणार होते, पण ते घेतले तर एका वाईट कामालाही पैसा जाणार होता. इतर सहभागी एकांतात असे पैसे घ्यायला सहज तयार होत, चारचौघांत कमी. ऑटिझम असलेले लोक एकांतातही आणि चारचौघांतही नाकारत होते.

गंमत पुढे आहे. संशोधकांनी या वागण्याचे वर्णन एक प्रकारचा ताठरपणा असे केले: या लोकांना आपला फायदा आणि नैतिक किंमत यांचा तोल नीट साधता येत नाही. ऑटिझम असलेल्या अनेकांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. कुणी पाहत नसताना लाच नाकारणारा माणूस सदोष, आणि कुणी पाहत नाही म्हणून ती घेणारा निरोगी, असा हिशेब कुठल्या मापाने केला? प्रश्न बिनतोड आहे. मात्र त्यावरून ऑटिझम असलेली माणसे जन्मतःच अधिक नीतिमान असतात असे ठरवणे हीही उडीच आहे. माणसे त्यांच्यातही सर्व प्रकारची असतात. या प्रयोगांतून निघते ते एवढेच, की लोक काय म्हणतील ही भीती सगळ्यांच्या मनात सारख्या जोराने काम करत नाही. आणि उतरंड असो वा बोहम यांची उलटी उतरंड, दोन्ही त्याच भीतीवर उभ्या आहेत. ‘मनुष्यस्वभाव’ म्हणून ज्याची चर्चा चालते, तो बहुतेक वेळा बहुसंख्यांचा स्वभाव असतो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये यावर नेमके बोट ठेवले. ऑटिझम असलेल्याला इतरांचे मन कळत नाही, असे दशकानुदशके सांगितले गेले. पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? न समजणे दोन्ही बाजूंनी आहे, फक्त दोष एकाच बाजूवर टाकला जातो. एडिनबरातील कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे ‘कानगोष्टी’च्या खेळासारखे तपासले: एक गोष्ट आठ जणांच्या साखळीतून पुढे जाऊ दिली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीतही टिकली. मिश्र साखळीत ती जास्त गळाली. नंतर २०२५ मध्ये आलेल्या तीनशेहून अधिक जणांच्या अभ्यासात मिश्र साखळीतली ही गळती दिसली नाही. दोन्ही वेळी एक गोष्ट मात्र तीच राहिली: माहिती पोचवण्यात ऑटिस्टिक साखळ्या मागे नव्हत्या.

वेग कुणाचा मोजायचा

एडीएचडीबाबतही ‘दोष’ आणि ‘परिस्थिती’ यांची अशीच गुंतागुंत आहे. केनियातील अरियाल हे पशुपालक लोक; काही अजून गुरांमागे भटकतात, काही वस्ती करून राहिले आहेत. अतिचंचलतेशी संबंध जोडला जातो असा एका जनुकाचा एक प्रकार त्यांच्यात तपासला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भटक्या पुरुषांपैकी हा प्रकार असलेले अंगाने अधिक भरलेले आढळले, तर स्थिरावलेल्यांत तोच प्रकार असलेले अधिक कृश. एकाच जनुकाने स्वभाव ठरत नाही आणि अभ्यासही एकच आहे. तरी वर्गात सहा तास एका बाकावर बसता न येणे हे कुठल्याही काळात, कुठल्याही जागी ‘कमीपण’च असते असे म्हणता येत नाही, इतका संशय त्याने निर्माण केला.

वर्ग आणि बाक म्हटले की प्रश्न आपल्या दारात येतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत अधिकृत सवलती देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. हा निर्णय १९९६ चा. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय घेण्याची मुभा अशा त्या सवलती. तेव्हापासून दर परीक्षेच्या हंगामात पालकांच्या गप्पांत एक वाक्य ऐकू येतेच: ‘त्याला अर्धा तास जास्त, मग आमच्या मुलीवर अन्याय नाही का?’

हा प्रश्न टाकाऊ नाही. समतेविषयीची आपली कल्पना त्यातून दिसते. सगळ्यांना तीच प्रश्नपत्रिका, तेच तीन तास, म्हणजे समता. पण इतिहासाचा पेपर इतिहास तपासण्यासाठी असतो, हाताचा वेग तपासण्यासाठी नव्हे. अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला मुघलांचा महसूल समजला आहे की नाही, हे जाणून घ्यायचे असेल तर त्याचे अक्षरांशी चाललेले भांडण हिशेबातून वगळायला हवे. वेगच तपासायचा असेल, तर तसे उघड सांगावे. बऱ्याच परीक्षांत वेग का मोजला जातो याचे उत्तर, तशी पद्धत पडली म्हणून, एवढेच असते. वेळ सगळ्यांनाच थोडा सैल दिला तर सवलतीचा वादच उरणार नाही, असेही काही शिक्षणतज्ज्ञ सुचवतात. बाणाच्या मालकाला मांस वाटायला देणाऱ्यांना ही कल्पना चमत्कारिक वाटली नसती.

सवलतींचा लाभ कुणाला मिळाला, ही याची दुखरी बाजू आहे. तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय सुरुवातीची बरीच वर्षे मोजक्या मोठ्या रुग्णालयांत होती. हेलपाटे घालू शकणारे, अर्ज कसा करायचा हे माहीत असलेले शहरी पालक पुढे राहिले. गावातल्या शाळेत तेच मूल ‘ढ’ ठरून शेतावर किंवा हॉटेलात कामाला लागले. तिथेही अडथळा न सांगता कळायच्या गोष्टींचाच: सवलत आहे हे आधी कुठून तरी कळायला हवे. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाते, त्या घराला हा अनुभव ऑटिझमशिवायही येतो. प्राध्यापकांना कधी भेटायचे, शिष्यवृत्तीची तारीख कुठे लागते, मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटले की काय सांगायचे, हे पिढ्यान्पिढ्या शिकलेल्या घरात हवेतून मिळते. इतरांना ते कागदावर मिळाले तरच मिळते. मेंदूच्या वेगळेपणासाठी केलेली नियमांची स्पष्टता त्यामुळे इतर अनेकांच्याही कामी येते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले आणि त्यात ऑटिझम व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश केला. एडीएचडीचे नाव त्या यादीत नाही. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून ठेवला आहे. वाजवी सोय करून देणे हेही कायद्याने सांगितले आहे, आणि ती फारशी खर्चिक नसते: सूचना तोंडी देण्याऐवजी लिहून देणे, बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवणे, गोंगाटापासून दूर टेबल, मुलाखतीचे प्रश्न आधी देणे किंवा मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहणे.

तरीही नोंदी ठेवण्याच्या, आकडे जुळवण्याच्या, संगणकावर एकट्याने करायच्या कामांच्या जाहिरातींत ‘उत्तम संवादकौशल्य आवश्यक’ ही ओळ असतेच. त्या कामात संवाद कुणाशी आणि किती करायचा आहे, हे जाहिरातीत क्वचितच लिहिलेले असते. मुलाखतीत उमेदवार नजरेला नजर देतो का, हे मात्र पाहिले जाते.